सुराबायाचा लाल पूल आणि मराठा पलटण



आग्नेय आशियात कमी खर्चात कुठं जाता येईल, हा प्रश्न बडोद्याहून येतो, इंदूरहून येतो, हैदराबादहून, बेळगावहूनही येतो. विचारणाऱ्यांच्या यादीत बहुतेक वेळा बँकॉक, सिंगापूर आणि बाली असतात. आज मी तुम्हाला बालीच्या शेजारच्या बेटावर नेतो. जावा बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर सुराबाया नावाचं शहर आहे. इंडोनेशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, वस्ती तीस लाखांच्या आसपास. मोठं बंदर, कारखाने, रोज उंच होत जाणाऱ्या इमारती, आणि त्यांच्या पायथ्याशी अरुंद गल्ल्यांची जुनी वस्ती.

या शहरात एक पूल आहे. १९४५ च्या ऑक्टोबर महिन्यात त्या पुलाजवळच्या एका इमारतीत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक कंपनी वेढ्यात सापडली होती. सातारा, कोल्हापूर, कोकण, बेळगाव या पट्ट्यातून भरती झालेली मुलं. ती तिथं कशी पोचली, कोणाशी लढली, आणि ते आपण कसं लक्षात ठेवायचं, हा आजचा विषय. खर्चाचा हिशेब आधी देतो, म्हणजे पुढचं निवांत ऐकाल.

जायचं कसं, राहायचं कुठं

मी क्वालालंपूरला विमान बदलून गेलो. जुआंडा विमानतळ शहराच्या दक्षिणेला, शेजारच्या सिदोआर्जो जिल्ह्यात आहे. भारतीय पासपोर्टवर विमानतळावर पोचल्यावर व्हिसा मिळतो. शुल्क पाच लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका. आपल्या एका रुपयाला १८० ते १९० रुपिया मिळतात, त्यामुळे हे साधारण पावणेतीन हजार रुपये होतात. दर बदलत असतात, निघण्याआधी तपासून घ्या. जकार्ता आधी पाहणार असाल तर तिथून रेल्वेनं या. सातशे किलोमीटरहून थोडं जास्त अंतर आहे आणि खिडकीतून भातखाचरं पाहत येता येतं.

विमानतळावरून टॅक्सी घेऊ नका. सरकारी दामरी बस शहराच्या दक्षिण टोकाच्या मोठ्या बसस्थानकावर सोडते. तिथून शहरात जायला सुराबाया बस आहे. २०१८ साली ती सुरू झाली तेव्हा तिचं तिकीट पैशानं मिळतच नव्हतं; प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या द्यायच्या आणि बसायचं. आता पैसेही चालतात. पाच हजार रुपिया, म्हणजे आपले पंचवीस-तीस रुपये. ज्यांनी आपल्याकडच्या शहरांत कचऱ्याचे ढीग पाहिले आहेत त्यांनी ही बस एकदा जरूर पाहावी.

स्वस्त मुक्कामाच्या जागेला तिथं लोसमेन म्हणतात आणि साध्या खानावळीला वारुंग. शाकाहारी मंडळींनी पेचेल मागावं: उकडलेल्या भाज्या, वर शेंगदाण्याची तिखट-गोड चटणी, सोबत भात आणि टेम्पे. टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. चटणीत कोळंबीचा अर्क असू शकतो, तेव्हा आधी विचारा. रावोन नावाचा काळा रस्सा तिथला प्रसिद्ध आहे, पण तो गोमांसाचा असतो, हेही माहीत असू द्या. खोली, खाणं आणि बस मिळून माझा दिवसाचा खर्च दोन हजार रुपयांच्या आत राहिला. जावा विषुववृत्ताच्या दक्षिणेला सात अंशांवर आहे, त्यामुळे सकाळी सहाला निघायचं आणि अकराला सावली गाठायची. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ.

आता जे पाहायचं आहे ते सगळं उत्तरेकडच्या जुन्या शहरात, कालीमास नदीच्या आसपास आहे. पायी होतं.

शब्द ओळखीचे, इतिहास अनोळखी

शहराचं नाव लोक सुरा आणि बाया या दोन शब्दांवरून सांगतात, शार्क मासा आणि मगर. त्यांच्या झुंजीचा पुतळा प्राणिसंग्रहालयासमोर आहे. शहराचा वाढदिवस ३१ मे १२९३ मानतात. त्या वेळी रादेन विजयानं जावावर चालून आलेल्या मंगोल फौजेला हुसकावून लावलं आणि माजापाहित राज्य उभं केलं. विजय हे नाव तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल. तिथं पावलोपावली असे शब्द भेटतात. भाषेला बहासा म्हणतात, देशाला नगारा. वीराला म्हणतात पाहलावान. आपल्या पहिलवानाचाच फारसी भाऊ. आणि स्वातंत्र्याला म्हणतात मेर्देका. या शब्दाचं मूळ संस्कृतातल्या महर्द्धिक या शब्दात आहे.

हा शेवटचा शब्द ध्यानात ठेवा. १९४५ मध्ये मराठा जवानांवर चालून येणारे तरुण हाच शब्द ओरडत होते.

आपली पलटण तिथं कशी पोचली

ऑगस्ट १९४५. जपाननं शरणागती पत्करली. १७ ऑगस्टला जकार्तात सुकार्नो आणि हत्ता यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. डच सत्ता १९४२ मध्ये जपाननं मोडली होती आणि हॉलंड स्वतः युद्धात पिळून निघालं होतं. ताबडतोब पाठवायला त्याच्याजवळ फौज नव्हती. म्हणून जपान्यांना नि:शस्त्र करणं आणि छावण्यांतल्या युद्धकैद्यांना व डच नागरिकांना सोडवणं, ही कामगिरी ब्रिटिशांकडे, माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडकडे आली. आणि ब्रिटिशांजवळ तिथं फौज म्हणजे मुख्यतः भारतीय फौज.

सुराबायाला पाठवली गेली ४९ वी भारतीय इन्फन्ट्री ब्रिगेड. ती २३ व्या भारतीय डिव्हिजनचा भाग होती. तीन पलटणी: चौथी मराठा, सहावी मराठा आणि पाचवी राजपुताना रायफल्स. यातली चौथी मराठा म्हणजे मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी लढलेली पलटण. सांगशाकची लढाई नसती तर इम्फाळ आणि कोहिमाला तयारीसाठी वेळ मिळाला नसता, असं युद्धशास्त्राचे अभ्यासक मानतात. म्हणजे ही मुलं कच्ची नव्हती. बर्माची सीमा, पाऊस, मलेरिया, सगळं पाहून झालं होतं. युद्ध संपलं होतं आणि त्यांना घरी जायचं होतं.

तिकडे सुराबायात काय परिस्थिती होती? १९ सप्टेंबरला काही डच मंडळींनी तुंजुंगान रस्त्यावरच्या ओरान्ये हॉटेलवर आपला लाल-पांढरा-निळा झेंडा लावला. तरुण वर चढले आणि त्यांनी खालचा निळा पट्टा फाडून टाकला. उरला लाल-पांढरा, म्हणजे इंडोनेशियाचा झेंडा. ते हॉटेल आज माजापाहित नावानं चालतं. राहणं आपल्या खिशाबाहेरचं आहे, पण रस्त्यावरून इमारत नीट दिसते. शिवाय शहरातल्या जपानी अधिकाऱ्यांनी आपली बरीचशी शस्त्रं इंडोनेशियन लोकांच्या हाती जाऊ दिली होती. जावातल्या इतर कुठल्याही शहरापेक्षा सुराबायाच्या तरुणांकडे जास्त हत्यारं होती.

२५ ऑक्टोबर १९४५ ला ब्रिगेड बंदरात उतरली. ब्रिगेडियर मॅलबी तिचे कमांडर.

अठ्ठावीस ते तीस ऑक्टोबर

इथं मी थोडा फौजी माणूस म्हणून बोलतो.

मॅलबी यांनी २६ ऑक्टोबरला स्थानिक नेत्यांशी समझोता केला. इंडोनेशियन दलांनी आपली शस्त्रं आपल्याकडे ठेवायची, ब्रिगेडनं आपलं मर्यादित काम करायचं. हा शब्द मॅलबी यांनी दिला होता. दुसऱ्याच दिवशी, २७ तारखेला, जकार्ताहून एक विमान आलं आणि त्यानं शहरावर पत्रकं टाकली. सगळ्यांनी ४८ तासांत शस्त्रं खाली ठेवावीत, नाही तर गोळी घातली जाईल, असा मजकूर. सही डिव्हिजन कमांडर हॉथॉर्न यांची. मॅलबी यांना याची पूर्वकल्पना नव्हती, पण वरिष्ठाचा आदेश म्हटल्यावर त्यांनी तो अमलात आणायचं ठरवलं. शहराच्या नजरेत इंग्रजांनी चोवीस तासांत शब्द फिरवला.

आणि ब्रिगेडची मांडणी कशी होती? काही हजारांची फौज अख्ख्या शहरात विखुरलेली. इथं एक कंपनी, तिथं एक प्लाटून. टेलिफोन कचेरी, रेल्वे स्टेशन, इस्पितळ, डच बायका-मुलांच्या वस्त्या. एका ठाण्याला दुसऱ्याची मदत पोचणार नाही अशी अंतरं. शांततेच्या काळातल्या पहाऱ्याची ही मांडणी होती, लढाईची नव्हती.

२८ तारखेला शहर उठलं. प्रशिक्षित सैनिक हजारोंनी आणि त्यांच्यामागं बांबूचे भाले घेतलेला प्रचंड जमाव. एकेका ठाण्याचा दारूगोळा संपत गेला. डच स्त्रिया आणि मुलं घेऊन जाणाऱ्या ट्रकांच्या एका ताफ्यावरही हल्ला झाला. पहाऱ्यावरचे भारतीय जवान काडतुसं संपेपर्यंत लढले. बऱ्याच बायका-मुलांचा आणि जवानांचा तिथं बळी गेला. तीन दिवसांत ब्रिगेडचे शेकडो लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले.

ब्रिटिशांनी २९ तारखेला सुकार्नो आणि हत्ता यांनाच विमानानं सुराबायाला आणलं. युद्धबंदी ठरली. ३० तारखेच्या संध्याकाळी मॅलबी इंडोनेशियन प्रतिनिधींबरोबर मोटारीतून ठाण्याठाण्यावर युद्धबंदीची बातमी सांगत फिरत होते. लाल पुलाजवळ इंटरनाशिओ नावाच्या व्यापारी कंपनीची इमारत आहे. आत सहाव्या मराठ्यांची कंपनी, बाहेर खवळलेला जमाव. बोलणी चालू असताना गोळीबार सुरू झाला. पहिली गोळी कोणाची, यावर आजही दोन्हीकडचे इतिहासकार भांडतात. त्या गोंधळात मॅलबी मोटारीतच मारले गेले.

तो पूल म्हणजे जम्बातान मेराह. जम्बातान म्हणजे पूल, मेराह म्हणजे लाल. लोखंडी कठड्याचा साधा पूल आहे. खालून कालीमासचं मातकट पाणी जातं, वरून स्कूटरींचा लोंढा. इंटरनाशिओची इमारत जवळच, चौकाच्या कडेला उभी आहे. भोवतालच्या जुन्या शहराची अलीकडे डागडुजी झाली आहे आणि संध्याकाळी कुटुंबं तिथं फोटो काढायला येतात. तिकीट नाही. मी त्या इमारतीच्या खिडक्या मोजल्या आणि पायदळातल्या सवयीनं पाहिलं की कुठल्या खिडकीतून कुठला रस्ता माऱ्यात येतो. आतल्या कंपनीला तीन बाजूंनी रस्ते दिसत असणार, आणि निसटायला एकही नाही.

दहा नोव्हेंबर

मॅलबी यांच्या मृत्यूनंतर पाचवी भारतीय डिव्हिजन सुराबायाला आली. तिचे कमांडर मेजर जनरल मॅन्सर यांनी ९ नोव्हेंबरला निर्वाणीचा इशारा दिला: दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आत शस्त्रं टाका. गव्हर्नर सुर्यो यांनी रेडिओवरून नकार कळवला. बुंग तोमो नावाच्या पंचविशीतल्या तरुणाची रेडिओवरची भाषणं घराघरांत ऐकली जात होती. १० नोव्हेंबरच्या सकाळी नौदलाच्या तोफा, विमानं आणि रणगाडे यांच्यासह हल्ला सुरू झाला. शहर ताब्यात यायला साधारण तीन आठवडे लागले. इंडोनेशियन मृतांचे आकडे सहा हजारांपासून पंधरा-सोळा हजारांपर्यंत सांगितले जातात. लाखो लोक शहर सोडून गेले.

इंडोनेशिया १० नोव्हेंबर हा दिवस हारी पाहलावान, म्हणजे वीरांचा दिवस, म्हणून पाळतो. लाल पुलापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर तुगू पाहलावान हा स्मारकस्तंभ आहे. १९५२ मध्ये सुकार्नो यांनी त्याचं उद्घाटन केलं. उंची ४५ यार्ड, त्यावर १० खाचा आणि ११ टप्पे. दहा, अकरा, पंचेचाळीस. तारीखच दगडात कोरून ठेवली आहे. स्तंभाच्या आवारात जमिनीखाली संग्रहालय आहे. प्रवेशशुल्क किरकोळ.

तिथं एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. इंडोनेशियन लोक या लढाईची गोष्ट सांगताना समोरच्या भारतीय सैनिकाला सरसकट गुरखा म्हणतात. २८ ऑक्टोबरला त्यांच्यासमोर प्रत्यक्षात होते मराठे आणि राजपुताना रायफल्सचे जवान. ज्या शहरात आपल्या मुलांनी इतकं रक्त सांडलं, त्या शहराला त्यांचं नावही नीट माहीत नाही. कबर शोधाल तर मॅलबी यांची सापडते, जकार्ताच्या युद्धस्मशानभूमीत. आपल्या हिंदू जवानांचं दहन होतं. त्यांची कबर नसते, फार तर एखाद्या भिंतीवर नाव असतं.

त्याच दिवसांत हिंदुस्थानात

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

ज्या दिवशी मराठा पलटणी सुराबायात उतरल्या त्याच दिवशी, २५ ऑक्टोबर १९४५ ला, काँग्रेसच्या हाकेवरून हिंदुस्थानात आग्नेय आशिया दिन पाळला जात होता. मागणी अशी, की डच आणि फ्रेंच साम्राज्यं परत बसवण्यासाठी हिंदी सैनिक वापरू नका. नेहरू हे उघड बोलत होते. ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत हिंदी खलाशी डच जहाजांवर काम करायला नकार देत होते. ५ नोव्हेंबरला लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि पाच दिवसांनी सुराबायावर तोफा सुरू झाल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिक उठले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक मागणी होती इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणण्याची. मुंबईच्या रस्त्यावर आणि सुराबायाच्या रस्त्यावर एकाच प्रश्नाची दोन टोकं होती.

जवानांनाही हे कळत होतं. काही शेकडो भारतीय सैनिक इंडोनेशियात फौज सोडून दुसऱ्या बाजूला गेले. त्यांत मुस्लिम जवान अधिक होते. पी. आर. एस. मणी नावाचे एक कॅप्टन जनसंपर्क अधिकारी म्हणून या ब्रिगेडबरोबर सुराबायात उतरले होते. त्यांनी पुढं फौज सोडली आणि मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’चे बातमीदार म्हणून इंडोनेशियात परत गेले, त्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याची बातमी द्यायला.

नोव्हेंबर १९४६ अखेर ब्रिटिशांच्या झेंड्याखालची फौज इंडोनेशियातून निघाली. त्याच वर्षी पंतप्रधान शहरीर यांनी अन्नटंचाईत सापडलेल्या हिंदुस्थानाला पाच लाख टन तांदूळ देऊ केला होता. सुराबाया घडून वर्षही झालं नव्हतं, हे लक्षात घ्या. त्या लोकांनी फौज आणि देश यांत फरक केला. जुलै १९४७ मध्ये बिजू पटनाईक यांनी शहरीर यांना विमानातून जावाबाहेर काढलं, जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी इंडोनेशियासाठी दिल्लीत परिषद बोलावली आणि २६ जानेवारी १९५० च्या आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे होते सुकार्नो.

आपण काय लक्षात ठेवायचं

हा विषय काढला की दोन प्रकारची माणसं रागावतात. एक म्हणतात, जवानांच्या शौर्यावर बोट ठेवू नका. दुसरे म्हणतात, ते तर इंग्रजांचे भाडोत्री, त्यांचं कसलं स्मरण! मला दोन्ही पटत नाहीत, आणि का ते सांगतो.

ट्रकमधल्या परक्या बायका-मुलांसाठी शेवटच्या काडतुसापर्यंत लढलेला मराठा जवान माझ्या दृष्टीनं आपलं कर्तव्य करून गेला. त्याच्या हातात तेवढंच होतं. पण ब्रिगेड तिथं का पाठवली, पत्रकं कोणी टाकली, शहरावर तोफा चालवायच्या का, हे ठरवणाऱ्यांत एकही हिंदी माणूस नव्हता. सातारच्या आईचा मुलगा जावात मेला. त्याचं कारण तिला विचारता येईल असं एकही दार या देशात तेव्हा नव्हतं. पारतंत्र्य म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकात मीठ आणि कापड यांच्या उदाहरणांनी शिकवतात. मी सुराबायाचं उदाहरण जोडेन. दुसऱ्याचं स्वातंत्र्य दाबायला तुमचीच मुलं नेली जातात आणि तुम्हाला विचारलंही जात नाही.

१९४७ नंतर आपली फौज कोरियात गेली, काँगोत गेली, श्रीलंकेत गेली. त्यातले काही निर्णय वादाचे ठरले. पण ते आपल्या सरकारनं घेतले, संसदेत त्यावर प्रश्न विचारले गेले, वर्तमानपत्रांनी टीका केली. तीस वर्षं गणवेश घातलेला माणूस म्हणून सांगतो, जवानाच्या दृष्टीनं स्वातंत्र्याचा सगळ्यात मोठा फरक हाच आहे. आज्ञा पाळणं तेच, शिस्त तीच. आज्ञा देणाऱ्याला जाब विचारणारं कोणी तरी घरी असतं.

तेव्हा सुराबायाला गेलात तर अर्धा दिवस जुन्या शहराला द्या. आधी तुगू पाहलावान पाहा, मग लाल पूल आणि शेवटी इंटरनाशिओची इमारत. पूर्ण फेरीला बसभाडं, एक वारुंगमधलं जेवण आणि शहाळं धरून अडीचशे रुपये पुरतात. संग्रहालयात शाळेच्या मुलांची रांग भेटेल. त्यांच्यापैकी कोणी विचारलं, कुठून आलात, तर भारतातून म्हणा. आणि इंग्रजी समजणारे शिक्षक सोबत असले तर त्यांना एवढं सांगा, की त्या दिवशी समोर उभे असलेले सगळे गुरखे नव्हते. त्यांच्यात आमच्या गावाकडचे मराठे होते, आणि त्यांचा देशही तेव्हा तुमच्यासारखाच मेर्देका मागत होता.

तुमच्या घरात, नात्यात कोणी जावाच्या मोहिमेवर गेलेले आजोबा-पणजोबा असतील, त्यांचं पदक, पत्र, पेन्शनचा कागद काही असेल, तर ते जपून ठेवा आणि जमलं तर त्याची नोंद करून घ्या. पलटणीच्या इतिहासात तारखा असतात. माणसं बहुतेक वेळा घरच्या ट्रंकेत सापडतात.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.